कॉन्टॅक्ट लेन्स वापरता? मग आधी हात धुवा



कुणी चष्म्याचा कंटाळा आला म्हणून, कुणी नंबर फार मोठा आहे म्हणून, तर कुणी लग्नातले फोटो चांगले यावेत म्हणून कॉन्टॅक्ट लेन्स वापरतो. त्यात गैर काहीच नाही. नीट वापरली तर लेन्स ही उत्तम सोय आहे. पण 'नीट' या शब्दाकडे आपण फारसे लक्ष देत नाही.

मी नेत्रतज्ज्ञ नाही, जनरल फिजिशियन आहे. तरीही या विषयावर लिहितो आहे, कारण डोळा लाल झाला की माणूस आधी मेडिकलच्या दुकानात जातो, मग फॅमिली डॉक्टरकडे येतो आणि नेत्रतज्ज्ञाकडे सगळ्यात शेवटी पोहोचतो. लेन्स वापरणाऱ्याने हा क्रम उलटा केला पाहिजे, असे माझे स्पष्ट मत आहे.

बुबुळाला हवा लागते

डोळ्याच्या पुढच्या भागात घड्याळाच्या काचेसारखा एक पारदर्शक पडदा असतो. त्याला कॉर्निया किंवा पारपटल म्हणतात. आपण बोलताना बुबुळ म्हणतो तेव्हा दिसायला हाच भाग पुढे असतो. त्याची जाडी मध्यभागी साधारण अर्धा मिलिमीटर. तो पारदर्शक राहावा म्हणून निसर्गाने त्यात रक्तवाहिन्याच ठेवलेल्या नाहीत. मग त्याला प्राणवायू मिळतो कुठून? बाहेरच्या हवेतून, अश्रूंच्या पातळ थरात विरघळून.

झोपेत पापण्या मिटल्या की हा पुरवठा मुळातच कमी होतो. त्यात मध्ये लेन्स असेल तर तो आणखी घटतो. पृष्ठभागावरच्या पेशी दुबळ्या होतात. एरवी पापणी लवताना अश्रूंबरोबर जंतू धुऊन जातात, ते कामही लेन्सखाली नीट होत नाही. जंतूंना आयती संधी मिळते.

१९८९ साली अमेरिकेत एक मोठा अभ्यास प्रसिद्ध झाला. फक्त दिवसा मऊ लेन्स वापरणाऱ्या दर १०,००० लोकांमागे वर्षाला सुमारे ४ जणांना बुबुळाची जखम, म्हणजे अल्सर झाला होता. लेन्स घालून झोपता येईल अशा प्रकारच्या लेन्स वापरणाऱ्यांत हाच आकडा सुमारे २१ होता. त्यानंतर जास्त प्राणवायू जाऊ देणाऱ्या लेन्स आल्या, पण झोपेतला धोका संपलेला नाही. 'दुपारी जरा डोळा लागला होता' ही डुलकीसुद्धा झोपच असते.

पाणी कितीही स्वच्छ असले तरी नको

'डॉक्टर, मी तर फिल्टरच्या पाण्याने धुते,' असे मला अनेकजणी मोठ्या विश्वासाने सांगतात. पिण्यासाठी चांगले असलेले पाणी लेन्ससाठी चांगले नसते. नळाचे, विहिरीचे, टाकीचे आणि पोहण्याच्या तलावाचे पाणी, सगळीकडे अकँथअमिबा नावाचा एक सूक्ष्म जीव असू शकतो. पोटात गेला तर तो सहसा काही करत नाही. लेन्सला चिकटून बुबुळापर्यंत गेला तर मात्र तो तिथे घर करतो. संकट आले की तो स्वतःभोवती जाड कवच तयार करतो आणि पाण्यातल्या नेहमीच्या क्लोरीनला दाद देत नाही.

या आजारात वेदना फार तीव्र असतात. सुरुवातीला दिवसरात्र दर तासाला थेंब घालावे लागतात आणि उपचार कित्येक महिने चालतात. काहींना शेवटी बुबुळाचे रोपण करावे लागते. आपल्याकडे शेतातली माती किंवा गढूळ पाणी डोळ्यात गेल्यानेही हा आजार होतो. पाश्चात्त्य देशांत मात्र याचे बहुतांश रुग्ण लेन्स वापरणारेच असतात.

दुसरा शत्रू स्यूडोमोनास हा जिवाणू. ओलसर डबीत तो आनंदाने वाढतो आणि एकदा बुबुळात शिरला की एक-दोन दिवसांत ते पोखरू शकतो. जखम भरली तरी पांढरा डाग राहतो. त्यालाच आपल्या आजीच्या पिढीत 'डोळ्यात फूल पडले' म्हणत. हे फूल मधोमध पडले तर चष्म्याने ती नजर परत येत नाही.

काटकसर नको तिथे

सोल्युशनची बाटली महाग वाटते, म्हणून पुष्कळजण डबीतले कालचे सोल्युशन तसेच ठेवून वरून थोडे ताजे ओततात. कालच्या द्रावणाची जंतू मारण्याची ताकद आधीच खर्ची पडलेली असते. काही जण सलाइन वापरतात. सलाइनने लेन्स धुतली जाते, निर्जंतुक होत नाही. २००६ च्या सुमारास अनेक देशांत लेन्स वापरणाऱ्यांत फ्युझॅरियम या बुरशीचा संसर्ग वाढला, तेव्हा एक प्रसिद्ध सोल्युशन जगभरातून मागे घ्यावे लागले होते. जुन्या द्रावणात वरून भर घालण्याच्या सवयीवरही तेव्हा बोट ठेवले गेले. दहा-वीस रुपये वाचवण्यासाठी डोळा पणाला लावू नये.

रंगीत लेन्स आणि 'मुलीला चष्मा आहे'

आता थोडे कडवट बोलतो. अमेरिकेत २००५ सालच्या कायद्याने नंबर नसलेल्या रंगीत लेन्ससुद्धा वैद्यकीय साधन ठरल्या आणि चिठ्ठीशिवाय विकणे बेकायदा झाले. आपल्याकडे त्या लिपस्टिकसारख्या ऑनलाइन मागवल्या जातात आणि मैत्रिणी एकमेकींच्या घालूनही बघतात. लिपस्टिक पुसता येते. बुबुळावरचा डाग पुसता येत नाही.

अजूनही स्थळ बघायला पाहुणे येणार म्हटले की काही घरांत मुलीला 'चष्मा काढ, लेन्स घाल' असे सांगतात. घाईत आणलेली लेन्स, न शिकवलेली पद्धत आणि दिवसभर डोळ्यात तशीच! जे पाहुणे चष्म्याला नाक मुरडतात, ते पुढे डोळ्याच्या ऑपरेशनचा खर्च उचलायला येणार नाहीत. चष्मा हा दोष नाही. ज्यांना रोजची स्वच्छता जमणार नाही, त्यांनी खुशाल चष्मा लावावा, असे मी माझ्या रुग्णांना सांगतो.

एवढे मात्र कराच

१. लेन्सला हात लावण्याआधी साबणाने हात धुवा आणि पूर्ण कोरडे करा. नखे कापलेली असू द्या.
२. लेन्स तळहातावर ठेवून सोल्युशनने बोटाने हलके चोळा, धुवा आणि रोज ताज्या सोल्युशनमध्ये बुडवून ठेवा.
३. डबी सोल्युशननेच धुवा, पुसून उघडी पालथी ठेवा आणि दर तीन महिन्यांनी बदला.
४. आंघोळ, पोहणे, पावसात भिजणे आणि रंगपंचमी या वेळी लेन्स नको.
५. महिन्याची लेन्स महिन्याने फेकाच, मधले काही दिवस वापरली नसली तरी.
६. मेकअपच्या आधी लेन्स घाला. मेकअप उतरवायच्या आधी काढा.
७. नंबरचा चष्मा नेहमी जवळ असू द्या. चष्मा नसला की लेन्स काढायला माणूस टाळाटाळ करतो.

डोळा लाल झाला तर

लाली, दुखणे, पाणी येणे, उजेड सहन न होणे, धूसर दिसणे किंवा बुबुळावर पांढरा ठिपका. यातले काहीही दिसले तर लेन्स लगेच काढा आणि त्याच दिवशी नेत्रतज्ज्ञांकडे जा. लेन्स आणि डबी फेकू नका, बरोबर न्या. त्यातून जंतूंची तपासणी करता येते. डोळ्यावर पट्टी बांधू नका.

२०२३ च्या पावसाळ्यात महाराष्ट्रात डोळ्यांची मोठी साथ आली होती. तेव्हापासून प्रत्येक लाल डोळा म्हणजे 'डोळे आलेत, होईल बरे' अशी समजूत झाली आहे. लेन्स वापरणाऱ्याने ही समजूत धरून बसू नये. आणि घरात पडलेले किंवा दुकानदाराने दिलेले थेंब घालू नका. त्यात स्टिरॉइड असेल तर लाली दोन दिवस कमी होते, बरे वाटते आणि आत बुरशी किंवा जंतू पसरत राहतात.

रोजची पाच मिनिटे आणि वेळेवर नेत्रतज्ज्ञ, एवढीच या लेन्सची खरी किंमत आहे. ती द्यायची तयारी असेल तर लेन्स बिनधास्त वापरा. घरात कुणी वापरत असेल, तर आज त्यांची डबी एकदा उघडून बघा.