ही गन फास्ट नाही, बिघडलेली आहे!
शनिवारी न्यू जर्सीत पेंटबॉलला गेलो, पुन्हा तेच. ट्रिगर दाबला एकदा, बॉल सुटले तीन, आणि मालक वर म्हणतो, "बघ, कसली फास्ट केलीय!"

अरे बाबा, मायक्रोस्विच दाबला की त्याचे संपर्क काही मिलिसेकंद थरथरतात. ती थरथर गाळायला बोर्डात डिबाउन्स असतो. तो तळाला नेलास की थरथरीचेही शॉट होतात. याला ट्यूनिंग म्हणत नाहीत, बग म्हणतात. पहिल्याच बॉलला आउट झालेला माणूस उरलेले दोन फुकट खातो. (माझी पाठ अजून निळी आहे.)

हॉपर नि हवेची बाटली काढ, आतली हवा सोड, मग स्क्रू पाव-पाव फेरा फिरव. ट्रिगर परत येताना स्विच सुटल्याचा क्लिक ऐकू येतो. पुढचा स्क्रू जास्त आत गेला तर तो येतच नाही, आणि पठ्ठे दोष बोर्डाला देतात!