पोलिसांना भेट, कलाकारांना अर्ज

एका वाक्यापासून सुरुवात करते. रोबोटचा वापर कुठल्याही माणसाविरुद्ध बळ म्हणून करायचा नाही, अशा अर्थाचं ते वाक्य. २०२२ साली सॅन फ्रान्सिस्कोच्या रूल्स कमिटीचे अध्यक्ष एरन पेस्किन यांनी ते पोलिसांच्या धोरणाच्या मसुद्यात घातलं. मसुदा पोलिसांकडे गेला आणि परत आला तेव्हा त्या वाक्यावर लाल रेघ होती. त्याच्या जागी एक लांबलचक, जास्त सभ्य वाक्य आलं होतं: नागरिकांच्या किंवा पोलिसांच्या जिवाला अगदी तातडीचा धोका असेल आणि बळाचा दुसरा कुठलाही पर्याय त्यापुढे अपुरा ठरत असेल, तर रोबोटने जीव घेतला तरी चालेल. कमिटीने ते मान्य केलं आणि मसुदा पुढे पाठवला.

ही कमिटी म्हणजे काय ते आधी सांगायला हवं. सॅन फ्रान्सिस्कोचं 'बोर्ड ऑफ सुपरवायझर्स' म्हणजे तिथली महापालिका समजा. एकूण अकरा सदस्य, त्यातले तीन रूल्स कमिटीवर. विषय आधी कमिटीत येतो, तिथे त्याची काटछाट होते आणि मग तो अकरा जणांसमोर जातो. पोलिसांची हत्यारं तिथवर येतात ती 'एबी ४८१' नावाच्या कायद्यामुळे. सॅन फ्रान्सिस्कोचेच तेव्हाचे आमदार डेव्हिड च्यू यांनी तो मांडला आणि जानेवारी २०२२ पासून तो अख्ख्या कॅलिफोर्नियात लागू झाला. पोलिसांकडे लष्करी थाटाचं जे काही असेल (ड्रोन, चिलखती गाड्या, रोबोट, दारं उडवायची स्फोटकं) त्याची किमतीसकट यादी द्यायची, ते कसं वापरणार हे लिहून द्यायचं, निवडून आलेल्या लोकांकडून जाहीर सभेत मंजुरी घ्यायची आणि दरवर्षी हिशेब द्यायचा. वस्तू विकत घेत असाल तर तेच काम करणाऱ्या दुसऱ्या पर्यायांच्या तुलनेत ती परवडणारी आहे का, हेही दाखवायचं. कायदा चांगला आहे. वाचताना मला फार बरं वाटलं होतं.

पुण्या-मुंबईत वाढलेल्यांना हे सगळं जरा विचित्र वाटेल. आपल्याकडे पोलीस राज्याच्या गृहखात्याचे. महापालिकेची स्थायी समिती रस्ते, गटारं, दिवे यांचे आणि पुण्यात बालगंधर्वसारख्या नाट्यगृहांचे खर्च बघते. पोलिसांनी कुठली गाडी घ्यावी हे नगरसेवकाला कुणी विचारत नाही. मी आता जिथे राहते त्या बे एरियात पोलीस शहराचे आहेत. पोलिसांचा ड्रोन आणि कोपऱ्यावरच्या तीस खुर्च्यांच्या थिएटरचं अनुदान एकाच शहराच्या कागदांतून जातं. त्यामुळे इथे एक गोष्ट मोजता येते, जी आपल्याकडे मोजता येत नाही: एकाच सभागृहात, त्याच लोकांसमोर, कुणाला किती प्रश्न विचारले जातात.

माझं म्हणणं एवढंच आहे की हे माप फार वाकडं आहे.

रोबोटचं पुढे काय झालं ते तुमच्यापैकी अनेकांना आठवत असेल. २९ नोव्हेंबर २०२२ ला बोर्डाने ८ विरुद्ध ३ मतांनी धोरण मंजूर केलं. 'किलर रोबोट' हा शब्द जगभरच्या बातम्यांत फिरला. पोलिसांचं म्हणणं होतं, आम्ही रोबोटला बंदुका लावणार नाही, पण वेळ आलीच तर स्फोटकं लावून पाठवू शकतो. उदाहरण होतंच. २०१६ साली डॅलसमध्ये पाच पोलिसांना मारणाऱ्या माणसाला पोलिसांनी तसंच संपवलं होतं. लोक रस्त्यावर आले, सिटी हॉलच्या पायऱ्यांवर उभे राहिले आणि ६ डिसेंबरला, म्हणजे आठवड्याभरात, बोर्डाने घूमजाव केलं. जीव घेण्याची परवानगी काढली आणि तो मुद्दा पुन्हा कमिटीकडे धाडला.

याचा अर्थ लोक असा काढतात की बघा, लोकशाही चालते. मला उलटं वाटतं. कायदा हातात होता, कमिटी होती, अध्यक्षाने स्वतः लिहिलेलं वाक्य होतं, तरीही विषय दोन पायऱ्या चढून मंजूर झाला. तो अडला जगभर छी-थू झाल्यावर. दर वेळी जग येणार आहे का? यादीतल्या बाकीच्या वस्तूंना 'किलर' असं आकर्षक विशेषण लागत नाही. त्या गुपचूप पुढे सरकतात.

आता कलेकडे या. या शहराची कलेच्या पैशांची पद्धत जुनी आहे आणि मुळात शहाणपणाची आहे. १९६१ पासून हॉटेलवरच्या करातला काही भाग 'ग्रँट्स फॉर द आर्ट्स' या योजनेतून नाटक, नृत्य, संगीत, मिरवणुका यांना मिळतो. लोक हे शहर बघायला येतात ते इथे काहीतरी घडत असतं म्हणून, तेव्हा त्यांच्या खोलीभाड्यातून थोडं त्या घडवणाऱ्यांना, असा हा साधा हिशेब. मध्यंतरी कर आणि कला यांची ही गाठ सुटली आणि पैसा सगळ्यांबरोबर मोठ्या तिजोरीत जाऊ लागला. ती पुन्हा बांधायला २०१६ मध्ये मतदारांसमोर 'प्रस्ताव एस' आला. साधारण ६४ टक्के लोकांनी होकार दिला. प्रस्ताव पडला.

हो, ६४ टक्क्यांना पडला. कारण कराचा पैसा असा एखाद्या कामासाठी राखून ठेवायचा तर तेव्हा दोन-तृतीयांश मतं लागत होती. कलावाले दोन वर्षांनी पुन्हा उभे राहिले, दारोदार फिरले आणि २०१८ मध्ये 'प्रस्ताव ई' सुमारे ७५ टक्क्यांनी जिंकला. हॉटेलच्या मूळ ८ टक्के करातले दीड टक्के कलेसाठी. आणि वर्ष-दीड वर्षात कोविड आला, हॉटेलं ओस पडली, कर कोसळला. ज्या फांदीवर कलेला बसवलं होतं तीच वाळली. पोलिसांचा खर्च अशा कुठल्या फांदीवर टांगलेला नाही. खोल्या रिकाम्या राहिल्या म्हणून कुणी चिलखती गाडी विकल्याचं माझ्या तरी ऐकिवात नाही.

गंमत म्हणजे मार्च २०२४ मध्ये आणखी एक 'प्रस्ताव ई' आला. अक्षर तेच, पण तो पोलिसांचा. त्यात इतर गोष्टींबरोबर असं होतं की पाळतीचं नवं तंत्रज्ञान पोलीस आधी वर्षभर वापरू शकतील आणि त्याचं धोरण बोर्डासमोर नंतर आणतील. तो ५४ टक्क्यांच्या आसपास मतांनी मंजूर झाला. त्याला साधं बहुमत पुरलं. कर आणि नियम यांच्या मतमोजणीचे कायदे वेगळे आहेत, हे मला कळतं. वकील मित्राने समजावूनही सांगितलं. पण कायदेशीर कारण असलं म्हणून गोष्ट न्याय्य होत नाही. नाचाला पैसे राखून ठेवायला ६४ कमी पडले आणि न विचारता कॅमेरे लावायला ५४ पुरले, या शहराने स्वतःसाठी लिहिलेलं हे वाक्य आहे. तेही लाल रेघेच्या लायकीचं आहे.

अर्जांबद्दल थोडं सांगते, कारण ते मी भरले आहेत. बे एरियातल्या एका शहरात (नाव राहू दे) आमच्या ओळखीच्या पाच-सहा जणांच्या नाटकमंडळीसाठी कलाअनुदानाचा अर्ज करायचा होता. रक्कम एवढी की तिच्यात एखाद्या चांगल्या लॅपटॉपसाठीही घासाघीस करावी लागली असती. त्यासाठी मागच्या तीन वर्षांचे हिशेब, विम्याचं प्रमाणपत्र, प्रेक्षक कोण, किती, कुठल्या वस्तीतले, तिकीट परवडत नसलेल्यांसाठी काय सोय, प्रयोगाचा जुना व्हिडिओ, आणि एक प्रश्न, जो मला अजून पाठ आहे: या प्रकल्पामुळे समाजाच्या नेमक्या कोणत्या घटकाला कोणता लाभ होईल, २५० शब्दांत लिहा. पैसे बरेचसे काम झाल्यावर, पावत्या दाखवून. म्हणजे आधी स्वतःच्या खिशातून घाला. मग सहा महिन्यांनी अहवाल, त्यात पुन्हा आकडे.

याबद्दल माझी तक्रार नाही. सार्वजनिक पैसा आहे, विचारायलाच हवं. कलावाल्यांना फुकट पैसे हवे असतात असं म्हणणाऱ्यांनी मात्र तो फॉर्म एकदा भरून बघावा. चहा सोबत घेऊन बसा.

पोलिसांच्या बाजूला या फॉर्मच्या जागी बऱ्याचदा एक गोड शब्द असतो. भेट. सगळ्यात स्वच्छ उदाहरण सॅन फ्रान्सिस्कोत नाही, खाली लॉस एंजेलिसमध्ये आहे. तिथल्या पोलिसांना चार पायांचा यांत्रिक कुत्रा हवा होता, बोस्टन डायनॅमिक्सचा. किंमत २,७७,९१७ डॉलर. शहराकडे पैसे मागावे लागले नाहीत, कारण पोलिसांसाठी देणग्या गोळा करणारी 'लॉस एंजेलिस पोलीस फाउंडेशन' ही खासगी संस्था तो भेट देणार होती. कायद्यामुळे भेटसुद्धा सिटी कौन्सिलकडे न्यावी लागली. मार्च २०२३ मध्ये निर्णय लांबणीवर पडला आणि २३ मे रोजी कौन्सिलने तो कुत्रा ८ विरुद्ध ४ मतांनी स्वीकारला. दर तिमाहीला त्याच्या वापराचा अहवाल द्यायची अट घातली, ते बरं केलं. पण परवडतं का, हा प्रश्न कायद्यात विकत घेण्याला जोडलेला आहे. फुकटच्या वस्तूला तो लागत नाही.

आणि फुकट म्हणजे काय? कुत्रा आला की त्याला चालवणारा माणूस लागतो, त्याचं प्रशिक्षण, त्याचा पगार, दुरुस्ती, उद्याचं नवं मॉडेल. आजी म्हणायची तसं, हत्ती दान घेताना चाऱ्याचा विचार आधी करावा. शिवाय देणारा कोण, हा प्रश्न राहतोच. २०२५ मध्ये सॅन फ्रान्सिस्कोच्या बोर्डाने पोलिसांच्या 'रिअल टाइम' तपास केंद्रासाठी सुमारे ९४ लाख डॉलरची भेट स्वीकारली. मागे होते रिपल या क्रिप्टो कंपनीचे सहसंस्थापक क्रिस लार्सन. २०२४ च्या पोलिसांच्या त्या 'प्रस्ताव ई'च्या प्रचाराला पैसे देणाऱ्यांतही ते होते. यात बेकायदेशीर काहीही नाही. अडचण तीच आहे. ज्या शहरात एक माणूस आधी नियम सैल करायला पैसे देतो आणि मग सैल झालेल्या नियमाखाली वापरायची यंत्रं भेट देतो, तिथे कमिटीसाठी काम काय उरतं? आभाराचा ठराव?

लगेच कुणीतरी म्हणेल की नाटक आणि बंदूकधारी यांची तुलनाच चूक आहे. पोलीस जीव वाचवतात, उशीर झाला तर माणूस मरतो. मान्य. रात्री दार फोडून कुणी आत आलं तर मीही नाटकमंडळीला फोन करणार नाही. पण हाच युक्तिवाद उलटा धरून बघा. नाटक पडलं तर दोन तास वाया जातात. पोलिसांचं यंत्र चुकलं तर माणूस जातो, किंवा भलत्याच माणसाचा चेहरा भलत्याच यादीत जातो. मग जास्त प्रश्न कुणाला विचारायचे? सॅन फ्रान्सिस्कोने २०१९ मध्ये शहराच्या खात्यांना चेहरा ओळखणारं तंत्रज्ञान वापरायला बंदी घातली, अमेरिकेतल्या मोठ्या शहरांत सगळ्यात आधी. तेव्हा ते याच दिशेने विचार करत होतं. पाच वर्षांत लोक दुकानांतल्या चोऱ्यांना आणि गाड्यांच्या फुटलेल्या काचांना कंटाळले. त्यांचा कंटाळा खोटा नाही. माझ्याही गाडीची काच फुटली आहे. पण काच फुटली म्हणून प्रश्न विचारणं थांबवायचं, हे तर्कात कुठे बसतं?

पोलिसांचे पैसे काढून नाटकाला द्या, असं मी म्हणत नाही, आणि लेख फॉरवर्ड करणाऱ्यांनी तसं शीर्षक देऊ नये. मला हवा आहे तो कागद. रोबोट असो, ड्रोन असो, विकत घेतलेला असो की दान आलेला, कमिटीसमोर येताना त्याच्याबरोबर तोच फॉर्म यावा जो तीस खुर्च्यांच्या थिएटरकडून घेतात. मागच्या तीन वर्षांत किती वेळा वापरला. कुठल्या वस्तीत. देणगीदार कोण आणि त्याचं शहरात आणखी काय अडलेलं आहे. पुढच्या पाच वर्षांचा चारा किती. आणि हे मतदानाच्या आधी, वर्षभर वापरून झाल्यावर नाही.

'एबी ४८१'मुळे पोलिसांना दरवर्षी एक खुली सभा घ्यावी लागते, कुणीही जाऊन विचारू शकतं. कमिटीच्या बैठकीतही सामान्य माणसाला माईक मिळतो, दोन मिनिटं, गर्दी असली तर एक. फोनवर बैठक थेट दिसते, त्यामुळे आता कुणाला अर्धा दिवस रजा टाकून नुसतं ऐकायला जावं लागत नाही. बोलायला मात्र जावं. मी माझी दोन मिनिटं लिहून ठेवली आहेत. पहिला प्रश्न तयारच आहे, मला फक्त त्यातला एक शब्द बदलावा लागला: या यंत्रामुळे समाजाच्या नेमक्या कोणत्या घटकाला कोणता लाभ होईल, २५० शब्दांत लिहा.