कोविड-१९ महामारी आणि महाराष्ट्रातील ऑनलाइन शिक्षण

कोविड-१९ महामारीच्या काळात, मार्च २०२० पासून साधारणतः २०२२ च्या आरंभापर्यंत, महाराष्ट्रातील शाळा व महाविद्यालये दीर्घकाळ बंद राहिली. या काळात अध्यापन मुख्यतः भ्रमणध्वनी, संगणक, दूरचित्रवाणी व आकाशवाणी या माध्यमांतून चालले. या बदलामुळे शिक्षणाचा धागा काही प्रमाणात टिकून राहिला. मात्र साधनांच्या विषम उपलब्धतेमुळे त्याचा लाभ सर्व विद्यार्थ्यांपर्यंत सारखा पोहोचला नाही. सर्वाधिक हानी प्राथमिक इयत्तांतील, विशेषतः ग्रामीण व अल्प उत्पन्न गटातील मुलांची झाली, असे पुढील काळातील देशव्यापी पाहण्यांवरून दिसते.

पार्श्वभूमी

एप्रिल २०२० मध्ये जगातील १९० हून अधिक देशांत शाळा बंद होत्या व सुमारे १६० कोटी विद्यार्थ्यांच्या शिक्षणात खंड पडला होता, असे युनेस्कोने नोंदवले. भारतात ही संख्या सुमारे ३२ कोटी होती. महाराष्ट्रात ९ मार्च २०२० रोजी पुण्यात पहिले रुग्ण आढळले. त्यानंतर आठवडाभरात नागरी भागांतील शाळा बंद करण्यात आल्या आणि २५ मार्चपासून देशभर टाळेबंदी लागू झाली. इयत्ता दहावीची परीक्षा त्या वेळी संपत आली होती. २३ मार्च रोजी होणारा भूगोलाचा पेपर प्रथम पुढे ढकलण्यात आला व नंतर रद्द झाला. त्याचे गुण अन्य विषयांच्या सरासरीवरून देण्यात आले.

साधनांची उपलब्धता

राष्ट्रीय नमुना पाहणीच्या २०१७-१८ मधील ७५ व्या फेरीनुसार देशातील २३.८ टक्के कुटुंबांकडे इंटरनेटची सोय होती. शहरांत हे प्रमाण ४२ टक्के, तर खेड्यांत १४.९ टक्के होते. घरी संगणक असलेली ग्रामीण कुटुंबे केवळ ४.४ टक्के होती. म्हणजेच ऑनलाइन अध्यापन सुरू झाले, तेव्हा त्याला आवश्यक असलेली साधने बहुसंख्य घरांत नव्हती.

महामारीच्या काळात स्मार्टफोनची खरेदी झपाट्याने वाढली. शाळेत नाव दाखल असलेल्या मुलांच्या घरी स्मार्टफोन असण्याचे प्रमाण २०१८ मध्ये ३६.५ टक्के होते. ते २०२० मध्ये ६१.८ टक्के व २०२१ मध्ये ६७.६ टक्के झाले, असे ‘असर’ या ग्रामीण भागातील वार्षिक पाहणीत आढळले. तथापि घरात फोन असणे आणि तो मुलाच्या हाती असणे या दोन भिन्न गोष्टी होत. अनेक घरांत एकच फोन असे व तो कमावत्या माणसाबरोबर शेतावर किंवा कामावर जाई. दोन-तीन भावंडांचे तास एकाच वेळी आले, तर कोणाला तरी मागे राहावे लागे. सह्याद्रीच्या व सातपुड्याच्या दुर्गम वाड्या-पाड्यांवर नेटवर्क मिळत नसे, आणि जेथे मिळे तेथे दरमहाच्या रिचार्जचा खर्च उरे.

शासकीय व स्थानिक उपक्रम

पुण्याच्या राज्य शैक्षणिक संशोधन व प्रशिक्षण परिषदेने ‘शाळा बंद... पण शिक्षण आहे’ ही अभ्यासमाला सुरू केली. दैनंदिन घटक शिक्षकांमार्फत पालकांच्या व्हॉट्सअॅप गटांवर पाठवले जात. बालभारतीच्या पाठ्यपुस्तकांत महामारीपूर्वीच क्यूआर कोड छापलेले असल्यामुळे ‘दीक्षा’ अॅपवरील साहित्य पाठांशी जोडलेले होते. जुलै २०२० पासून सह्याद्री वाहिनीवर पहिली ते आठवीच्या विद्यार्थ्यांसाठी ‘टिलीमिली’ ही मालिका प्रसारित झाली. ज्या घरी स्मार्टफोन नव्हता पण दूरचित्रवाणी संच होता, तेथे तिचा विशेष उपयोग झाला. शालेय वर्ष २०२०-२१ साठी पाठ्यक्रम २५ टक्क्यांनी कमी करण्यात आला.

केंद्र शासनाच्या जुलै २०२० मधील ‘प्रज्ञाता’ मार्गदर्शक सूचनांनुसार पहिली ते आठवीसाठी दिवसाला ३० ते ४५ मिनिटांची जास्तीत जास्त दोन, तर नववी ते बारावीसाठी चार सत्रे घेता येत होती. डोळ्यांवरील ताण व बैठकीचा अतिरेक टाळणे हा या मर्यादेमागील हेतू होता.

तंत्रसाधनांविना चाललेले प्रयत्नही उल्लेखनीय ठरले. सोलापूरच्या नीलमनगर या कामगार वस्तीत घरांच्या बाहेरील भिंतींवर पाठ रंगवण्यात आले, त्यामुळे मुले अंतर राखून रस्त्यावर उभ्यानेच अभ्यास करू शकली. पालघर जिल्ह्यातील आदिवासी पाड्यांवर ध्वनिक्षेपकावरून ध्वनिमुद्रित धडे ऐकवणारी ‘बोलकी शाळा’ भरली. अनेक जिल्हा परिषद शाळांचे शिक्षक मंदिराच्या ओट्यावर वा झाडाखाली मुलांचे छोटे गट करून शिकवत. याच शिक्षकांकडे त्या काळात घरोघरचे सर्वेक्षण, तपासणी नाके आदी कामेही सोपवलेली होती.

अध्ययनावरील परिणाम

प्राथमिक इयत्तांत शिक्षकाची प्रत्यक्ष उपस्थिती हीच अध्यापनाची मुख्य सामग्री असते. मूल पेन्सिल कशी धरते, जोडाक्षरापाशी कोठे अडखळते, हातचा घ्यायला कोठे विसरते, हे शिक्षक मुलाशेजारी उभा राहूनच टिपतो. प्रकटवाचन, श्रुतलेखन व पाढ्यांचा सराव यांना तत्काळ दुरुस्तीची जोड लागते. फोनवर आलेली चित्रफीत एकाच दिशेने बोलते. चूक झाल्याचे तिला कळत नाही. त्यामुळे वाचता येणाऱ्या मोठ्या मुलांनी ऑनलाइन साहित्याचा काही उपयोग करून घेतला, पण ज्यांना अद्याप अक्षरओळख व्हायची होती त्यांच्यासाठी ते जवळजवळ निरुपयोगी ठरले. जून २०२० मध्ये पहिलीत प्रवेश घेतलेली बहुतेक मुले शाळेत नियमित न बसताच दुसरीत गेली.

अझीम प्रेमजी विद्यापीठाने जानेवारी २०२१ मध्ये पाच राज्यांतील सार्वजनिक शाळांच्या १६,०६७ विद्यार्थ्यांचा अभ्यास केला. त्यांपैकी ९२ टक्के मुलांनी भाषेतील, तर ८२ टक्के मुलांनी गणितातील आधी आत्मसात केलेले किमान एक कौशल्य गमावले होते. महाराष्ट्राचा या पाच राज्यांत समावेश नव्हता. मात्र हानी केवळ न शिकण्याची नसून शिकलेले विसरण्याचीही आहे, ही बाब या अभ्यासामुळे पुढे आली. ऑगस्ट २०२१ मधील अन्य एका पाहणीत १५ राज्ये व केंद्रशासित प्रदेशांतील वंचित वस्त्यांमधल्या सुमारे १,४०० मुलांची माहिती घेण्यात आली. त्यात ग्रामीण भागातील केवळ ८ टक्के मुले नियमित ऑनलाइन अभ्यास करत होती आणि ३७ टक्के मुले अजिबात शिकत नव्हती.

परीक्षा व मूल्यमापन

दुसऱ्या लाटेमुळे २०२१ च्या दहावी व बारावीच्या परीक्षा रद्द झाल्या. दहावीचे गुण नववीचा निकाल, वर्षभरातील अंतर्गत लेखी मूल्यमापन व तोंडी-प्रात्यक्षिक परीक्षा यांवरून ठरले. निकाल ९९.९५ टक्के लागला. बारावीचा निकाल ९९.६३ टक्के होता. उत्तीर्ण होण्याचा प्रश्न सुटला, परंतु अकरावी प्रवेशासाठी गुणांचा तुलनात्मक आधार कमकुवत झाला. त्यासाठी शासनाने योजलेली सामाईक प्रवेश परीक्षा मुंबई उच्च न्यायालयाने १० ऑगस्ट २०२१ रोजी रद्द ठरवली.

विद्यापीठांच्या अंतिम वर्षाच्या परीक्षा घेऊ नयेत, अशी राज्य शासनाची भूमिका होती. सर्वोच्च न्यायालयाने २८ ऑगस्ट २०२० रोजी दिलेल्या निर्णयानुसार राज्याला परीक्षा पुढे ढकलण्याची मुभा मिळाली, पण परीक्षेविना पदवी देता येणार नाही हे स्पष्ट झाले. त्यानंतर बहुतांश परीक्षा ऑनलाइन व बहुपर्यायी स्वरूपात झाल्या. दीर्घोत्तरी लेखनाचा सराव तुटल्याने २०२२ मध्ये पुन्हा लेखी परीक्षा सुरू झाल्या, तेव्हा दहावी-बारावीच्या विद्यार्थ्यांना वाढीव वेळ द्यावा लागला.

सामाजिक परिणाम

शाळा ही केवळ पाठ शिकवणारी संस्था नसते, हे बंदीच्या काळात ठळकपणे दिसले. पोषण आहाराऐवजी तांदूळ व कडधान्ये पालकांना वाटण्यात आली. परंतु शाळेत मिळणाऱ्या गरम जेवणाची जागा शिधा पूर्णतः घेऊ शकला नाही, कारण तो सर्व कुटुंबात वाटला जाई. ऊसतोड मजुरांची मुले आईवडिलांबरोबर फडावर गेली. रोजगार बुडाल्याने काही मुले मजुरीकडे वळली, तर किशोरवयीन मुलींच्या बालविवाहाचा धोका वाढला. खाजगी शाळांच्या शुल्कावरून पालक व संस्था यांच्यात वाद झाले. ऑगस्ट २०२१ मध्ये शासनाने शुल्कात १५ टक्के कपात करण्याचा आदेश काढला.

शाळा पुन्हा सुरू होणे व भरपाई

नववी ते बारावीचे वर्ग २३ नोव्हेंबर २०२० पासून व पाचवी ते आठवीचे २७ जानेवारी २०२१ पासून अनेक जिल्ह्यांत सुरू झाले, पण दुसऱ्या लाटेत ते पुन्हा बंद पडले. ४ ऑक्टोबर २०२१ रोजी ग्रामीण भागात पाचवीपासून व शहरांत आठवीपासूनच्या शाळा उघडल्या. पहिली ते चौथीच्या मुलांना मात्र डिसेंबर २०२१ पर्यंत थांबावे लागले. ज्यांना शाळेची गरज सर्वाधिक होती, त्यांची पाळी सर्वांत शेवटी आली. जानेवारी २०२२ मधील अल्पकालीन बंदीनंतर, २४ जानेवारीपासून शाळा टप्प्याटप्प्याने पूर्ववत झाल्या.

मागील इयत्तेतील उणिवा भरून काढण्यासाठी १ जुलै २०२१ पासून ४५ दिवसांचा सेतू अभ्यासक्रम राबवण्यात आला. त्या वेळी शाळा बंदच असल्याने तोही मुख्यतः फोनवरूनच पोहोचवावा लागला.

दीर्घकालीन चित्र

‘असर’नुसार दुसरीचा मजकूर वाचू शकणाऱ्या तिसरीच्या मुलांचे देशातील ग्रामीण प्रमाण २०१८ मध्ये २७.३ टक्के होते. ते २०२२ मध्ये २०.५ टक्क्यांपर्यंत घसरले व २०२४ मध्ये २७.१ टक्क्यांवर आले. यावरून पातळी जवळपास पूर्ववत झाल्याचे दिसते. परंतु २०२४ मध्ये तिसरीत असलेली मुले महामारीच्या काळात पहिलीत दाखलही झालेली नव्हती. त्यामुळे हा सुधार नव्या पिढीचा आहे. २०२० मध्ये पहिली-दुसरीत असलेल्यांची उणीव भरून निघाली, असा निष्कर्ष त्यातून काढता येत नाही. ही मुले आता माध्यमिक इयत्तांकडे गेली आहेत. तेथे भाषा येते असे गृहीत धरून विज्ञान व इतिहास शिकवला जातो, म्हणून वाचनातील कच्चेपणा इतर विषयांतही उतरतो.

या काळाने तंत्रज्ञानाची ओळख मात्र व्यापक केली. २०२४ मध्ये ग्रामीण भागातील १४ ते १६ वयोगटातील ८२.२ टक्के मुलांना स्मार्टफोन वापरता येत होता. पाहणीपूर्वीच्या आठवड्यात त्याचा अभ्यासासाठी उपयोग केलेल्यांचे प्रमाण ५७ टक्के, तर समाजमाध्यमांसाठी वापर केलेल्यांचे ७६ टक्के होते. साधन हाती आल्यानंतरही त्याचा शैक्षणिक उपयोग घडवून आणण्यासाठी शिक्षकाचे मार्गदर्शन आवश्यक राहते, असे या आकड्यांवरून सूचित होते.