पालकांना सूचना, पण निर्णयानंतर

उत्तर प्रदेश सरकारने १६ जून २०२५ रोजी एक आदेश काढला आणि कमी पटाच्या प्राथमिक व उच्च प्राथमिक शाळा जवळच्या दुसऱ्या शाळांना जोडण्याचे काम सुरू झाले. ‘विलीनीकरण’ हा शब्द टाळून या योजनेला ‘पेअरिंग’, म्हणजे जोडी जुळवणे, असे सौम्य नाव देण्यात आले होते. त्या राज्यात शैक्षणिक वर्ष १ एप्रिलला सुरू होते. म्हणजे आदेश निघाला तेव्हा प्रवेश होऊन गेले होते आणि मुले उन्हाळ्याच्या सुटीत होती. सीतापूर जिल्ह्यातील ५१ मुलांच्या वतीने हे प्रकरण अलाहाबाद उच्च न्यायालयाच्या लखनौ खंडपीठापुढे गेले. एकल न्यायमूर्तींनी ७ जुलैला याचिका फेटाळल्या, २४ जुलैला द्विसदस्यीय पीठाने सीतापूरपुरती ‘जैसे थे’ स्थिती ठेवण्यास सांगितले आणि महिनाअखेरीस खुद्द सरकारनेच जाहीर केले की, एक किलोमीटरहून अधिक अंतरावरची किंवा पन्नासहून अधिक पटाची शाळा जोडली जाणार नाही.

आदेश, दोन न्यायालयीन निर्णय आणि एक दुरुस्ती, हे सारे दीड महिन्यात घडले. या अवधीत जे प्रश्न राजधानीत चर्चिले गेले ते पाहण्यासारखे आहेत. नवी शाळा किती दूर आहे? वाटेत नाला, महामार्ग किंवा रेल्वेचे फाटक आहे का? पट खरोखर किती? सहा वर्षांच्या मुलीला तिथवर कोण सोडणार? यांतल्या एकाही प्रश्नासाठी वकिलाची गरज नव्हती. गावातल्या चार आयांना शाळेच्या ओट्यावर बसवून विचारले असते, तर तासाभरात चारही उत्तरे मिळाली असती.

छोट्या शाळा एकत्र करणे मुळातच अन्याय्य आहे, असा माझा दावा नाही. केंद्राच्या ‘यूडायस प्लस’ या वार्षिक माहितीसंकलनानुसार २०२४-२५ मध्ये देशात सुमारे १४.७१ लाख शाळा होत्या. त्यांपैकी १,०४,१२५ शाळांत एकच शिक्षक होता आणि ७,९९३ शाळांत एकही विद्यार्थी नव्हता. पाच इयत्ता, एक शिक्षक आणि त्याच्याच डोक्यावर पोषण आहाराचा हिशेब, मतदारयाद्यांचे काम व वरून येणारे तक्ते, अशा शाळेत मूल रोज हजर राहिले तरी शिकतेच असे नाही. रिकाम्या इमारतीवर शिक्षक नेमून ठेवणे हीही उधळपट्टीच आहे. राजस्थानने २०१४ मध्ये हजारो शाळा एकत्र केल्या. मध्य प्रदेश, ओडिशा आणि झारखंडने नीती आयोगाच्या ‘साथ’ कार्यक्रमाखाली तीच वाट धरली. ही राज्ये वेगवेगळ्या पक्षांच्या ताब्यात होती, त्यामुळे याला कोणा एका पक्षाचे कारस्थान ठरवता येत नाही. माझा आक्षेप वेगळ्या जागी आहे. ज्यांची मुले त्या शाळेत जातात त्यांना ही बातमी केव्हा कळते आणि कोणत्या रूपात कळते, हा तो प्रश्न आहे.

कायद्याचा कागद पाहिला, तर पालकांइतका बलवान घटक शालेय व्यवस्थेत दुसरा नाही. शिक्षण हक्क कायदा, २००९ च्या कलम २१ नुसार, विनाअनुदानित खासगी शाळा वगळता, प्रत्येक शाळेत व्यवस्थापन समिती असावी लागते. तिचे किमान तीन चतुर्थांश सदस्य पालक आणि निम्म्या सदस्य स्त्रिया असाव्यात. वंचित व दुर्बल घटकांतील पालकांना प्रमाणशीर जागा द्यावी, असेही कलम सांगते. शाळेच्या कामावर देखरेख, अनुदानाच्या खर्चावर लक्ष आणि शाळा विकास आराखडा ही समितीची कामे. तीन चतुर्थांश बहुमत म्हणजे संसदेत घटनादुरुस्तीला पुरून उरेल इतके. एवढे बहुमत असलेल्या मंडळाला आपली शाळा उद्यापासून बंद होणार हे शिपायाकडून किंवा मोबाइलवरील संदेशातून कळावे, यातली विसंगती फारशी कोणाला खटकत नाही.

न खटकण्याचे कारण जुने आहे. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यावर त्याच भूभागात, म्हणजे तेव्हाच्या वायव्य प्रांतात, लेफ्टनंट गव्हर्नर जेम्स थॉमसन यांच्या कारकिर्दीत ‘हलकाबंदी’ शाळा सुरू झाल्या. काही गावांचा एक हलका, म्हणजे वर्तुळ, ठरवायचा. त्याच्या मध्यावर शाळा काढायची आणि खर्चासाठी जमीन महसुलावर एक टक्का उपकर बसवायचा. कल्पना कल्पक होती आणि १८५४ च्या वुडच्या खलित्याने तिची प्रशंसाही केली. पण वर्तुळ आखले ते कलेक्टरच्या कचेरीत. उपकराचा पैसा ज्याच्या घामातून येत होता त्या कुळाला, शाळा आपल्या गावात की शेजारच्या, हे विचारण्याची प्रथा नव्हती. जोतीराव फुले यांनी १८८२ मध्ये हंटर आयोगापुढे दिलेल्या निवेदनाचा रोखही हाच होता: शेतकऱ्याने भरलेल्या पैशातून शिक्षण उभे राहते आणि त्याचा लाभ मात्र वरच्या वर्गांना होतो. पुढे राज्यकर्ते बदलले, घटना आली, ७३ वी दुरुस्ती होऊन अकराव्या अनुसूचीत प्राथमिक व माध्यमिक शिक्षण पंचायतींच्या विषयांत नोंदले गेले. वर्तुळ आखणारा हात मात्र कचेरीतच राहिला. फरक इतकाच की, आता तो नकाशावर पेन्सिल फिरवत नाही, संगणकावरच्या तक्त्यात गाळणी लावतो.

या तक्त्यांविषयी थोडे सविस्तर बोलायला हवे. दर वर्षी प्रत्येक शाळेचा मुख्याध्यापक वर्गखोल्या, स्वच्छतागृहे, वीज, रॅम्प, शिक्षक, पट अशी शेकडो रकान्यांची माहिती भरून पाठवतो. ती समूह केंद्राकडून गटाकडे, गटाकडून जिल्ह्याकडे आणि तिथून राज्याकडे व दिल्लीकडे जाते. तिच्या आधारे अनुदान ठरते, शिक्षक ठरतात आणि कोणती शाळा ‘अव्यवहार्य’ आहे हेही ठरते. माहिती गोपनीय नाही. संगणकावर शोधली तर ती सापडते. पण ज्या शाळेची ती आहे, त्या शाळेच्या भिंतीवर ती क्वचितच लागते. आपल्या शाळेत किती शिक्षक ‘मंजूर’ आहेत आणि किती प्रत्यक्षात आहेत, हे पालकाला ठाऊक नसते. तीस किंवा त्याहून कमी पटाच्या शाळेला समग्र शिक्षा अभियानातून वर्षाला १०,००० रुपये संयुक्त अनुदान मिळते, हेही त्याच्या कानी येत नाही. माहितीचा प्रवाह वरच्या दिशेने अखंड चालतो. खाली येतात ते हुकूम.

खाली येणाऱ्या सूचनांची भाषाही पाहावी. विद्यार्थ्यांच्या ‘अपार’ ओळखक्रमांकाचे उदाहरण घ्या. त्यासाठी पालकांची लेखी संमती लागते आणि योजना ऐच्छिक आहे, अशी केंद्राची भूमिका आहे. शाळांपर्यंत पोहोचेस्तोवर मात्र या संमतीचे उद्दिष्ट झाले: किती टक्के अर्ज भरून आले, बाकीचे कधी येणार. ज्या संमतीची टक्केवारी मागितली जाते ती संमती राहत नाही. मुख्याध्यापकाला दोष देण्यात अर्थ नाही. त्याच्याकडे मागणी आकड्याची होते, समजावून सांगण्याची नव्हे.

यावर एक रास्त प्रतिवाद आहे आणि तो माझ्याच सेवेतील मंडळी अधिक करतात: पालकांना विचारून काय होणार, ते बैठकीला येतच नाहीत. या तक्रारीला पुरावाही आहे. अभिजित बॅनर्जी, एस्थर डुफ्लो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ‘प्रथम’ या संस्थेबरोबर उत्तर प्रदेशातच, जौनपूर जिल्ह्यात, २८० गावांत केलेला अभ्यास २०१० मध्ये प्रसिद्ध झाला. तेव्हा ग्राम शिक्षण समित्या होत्या. बहुसंख्य पालकांना अशी समिती आहे हेच माहीत नव्हते. इतकेच नव्हे, तर समितीच्या काही सदस्यांना आपण सदस्य आहोत याचा पत्ता नव्हता. संशोधकांनी गावोगाव सभा घेतल्या, समितीचे अधिकार समजावले, मुलांच्या वाचनाची स्थिती दाखवली. सरकारी शाळेतल्या सहभागात त्याने जवळपास काही फरक पडला नाही. परिणाम दिसला तो गावातल्या तरुणांनी वाचनवर्ग घेतले तिथे, म्हणजे जिथे लोकांच्या हाती प्रत्यक्ष करण्याजोगे काही दिले गेले तिथे.

या अभ्यासातून ‘लोकांना रस नसतो’ असा निष्कर्ष काढणारे घाई करतात. नुसती माहिती दिली आणि तिच्यावर काही करण्याचा अधिकार दिला नाही, तर शहाणा माणूस दुसऱ्या सभेला येत नाही, रोजगार बुडवून तर नाहीच. जिथे अधिकार खरा होता तिथले चित्र निराळे आहे. मध्य प्रदेशाने १९९७ मध्ये शिक्षण हमी योजना आणली. आदिवासी भागात २५ आणि इतरत्र ४० मुले असलेल्या, एक किलोमीटरच्या आत शाळा नसलेल्या वस्तीने मागणी केली, तर ९० दिवसांत शाळा देण्याचे बंधन सरकारने स्वतःवर घातले. त्या शाळांच्या दर्जाविषयी आणि गुरुजींच्या तुटपुंज्या मानधनाविषयी पुढे बरीच टीका झाली आणि ती योग्यच होती. पण मागणीअर्ज करायला दुर्गम पाडे-टोले पुढे आले, हेही खरे. नागालँडने २००२ मध्ये कायदा करून ग्राम शिक्षण समित्यांना शिक्षकांच्या वेतनवाटपाचा अधिकार दिला. गैरहजर राहिलेल्या शिक्षकाचे वेतन गाव कापू शकत होते. दिल्लीत २०१५ मध्ये व्यवस्थापन समित्यांच्या रीतसर निवडणुका झाल्या. ही तीन उदाहरणे परस्परांहून अगदी भिन्न आहेत आणि कोणतेही निर्दोष नाही. मात्र तिन्ही ठिकाणी गाव किंवा पालक बोलले तर काहीतरी घडत होते.

न विचारण्याची किंमत केवळ गैरसोयीची नसते. राजस्थानच्या झालावाड जिल्ह्यातील पिपलोदी येथे २५ जुलै २०२५ रोजी सकाळी सरकारी शाळेची इमारत कोसळून सात मुले दगावली. छतातून खडे पडत असल्याचे मुलांनी आधीच सांगितले होते, असे नंतर वृत्तपत्रांतून आले. लगेच देशभर इमारतींच्या सुरक्षा तपासणीचे आदेश निघाले आणि ते निघायलाच हवे होते. पण शाळेचे छत कुठे गळते, भिंत कुठे फुगली आहे, हे रोज त्या छताखाली मूल पाठवणाऱ्याला अभियंत्याच्या आधी कळते. त्याने ते कोणाला सांगायचे, सांगितल्याची नोंद कुठे होणार आणि किती दिवसांत उत्तर मिळणार, याची व्यवस्था बहुतेक ठिकाणी नाही. विकास आराखडा समितीने करावा असे कायदा म्हणतो. प्रत्यक्षात तो पुष्कळदा मुख्याध्यापकच भरतो आणि सदस्यांच्या सह्या घेतो.

आता एक तुलना. एखाद्या गावाजवळ खाण किंवा मोठा कारखाना येणार असेल, तर २००६ च्या पर्यावरणीय आघात मूल्यमापन अधिसूचनेप्रमाणे जनसुनावणीची किमान ३० दिवसांची सूचना वृत्तपत्रांत द्यावी लागते, त्यांपैकी एक प्रादेशिक भाषेतले असावे लागते आणि सुनावणीचे इतिवृत्त ठेवावे लागते. भूसंपादनासाठी २०१३ च्या कायद्याने सामाजिक आघाताचा अभ्यास आणि जाहीर सुनावणी आणली. या सुनावण्या अनेकदा देखाव्याच्या होतात, हे मान्य. तरीही नियम पाळला नाही तर न्यायालयात बोट ठेवायला जागा राहते. गावातली एकमेव शाळा बंद करताना मात्र देशभर लागू असणारी अशी कोणतीही पायरी नाही. शिक्षण हक्क कायदा परिसरात शाळा उघडण्याचे कर्तव्य सांगतो. असलेली शाळा मिटवताना कोणाला विचारावे याबद्दल तो मूक आहे. स्कॉटलंडमध्ये २०१० चा एक कायदा केवळ याच विषयासाठी आहे. शाळा बंद करण्याच्या प्रस्तावावर किमान सहा आठवडे, तेही शाळा सुरू असताना, सल्लामसलत करावी लागते, जाहीर सभा घ्यावी लागते आणि ग्रामीण शाळेच्या बाबतीत पर्यायांचा विशेष विचार केल्याचे दाखवावे लागते. तिथेही शाळा बंद होतात. पण पालकांना आधी सांगून, त्यांचे म्हणणे नोंदवून.

आपल्याकडे यासाठी संसदेत जाण्याचीही गरज नाही. कलम २१ मध्ये समितीची तीन कामे सांगून झाल्यावर चौथे उपकलम आहे: ‘विहित करण्यात येतील अशी इतर कामे.’ ती विहित करण्याचा अधिकार नियमांद्वारे सरकारकडे आहे. शाळा जोडणे, हलवणे वा बंद करणे यापूर्वी समितीचे लेखी मत घेणे बंधनकारक राहील, एवढा एक नियम कोणतेही राज्य पुढच्या महिन्यात राजपत्रात छापू शकते. मत विरोधी असले तरी सरकारने निर्णय घ्यावा, तो त्याचा अधिकार आहे. मात्र कारण लेखी द्यावे. नवी शाळा, अंतर, वाट, वाहनाची सोय आणि तिथले शिक्षक यांची माहिती त्याच कागदावर असावी आणि तो कागद लोकांच्या भाषेत शाळेच्या दारावर लागावा.

वेळापत्रकही अवघड नाही. ज्या राज्यांत वर्ष एप्रिलला सुरू होते तिथे प्रस्ताव दिवाळीनंतर शाळेत लावता येईल, २६ जानेवारीच्या ग्रामसभेत त्यावर चर्चा होईल आणि फेब्रुवारीअखेर निर्णय कळवता येईल. ज्याला मूल दुसरीकडे घालायचे आहे त्याच्या हाती प्रवेशासाठी मार्च महिना उरेल. उत्तर प्रदेशात आदेश जूनच्या मध्यावर आला, तेव्हा त्याच्या हाती काहीच उरले नव्हते.