शिदोरी आणि छोटी गाडी

आगगाडीत मेजवानी झोडावी, गाणे ऐकावे, अशा राजेशाही सहलींचा थाट अलीकडे वाढला आहे. हौसेस मोल नसते हे खरे. परंतु आम्हां सुरतकरांस त्यासाठी दूर जावयास नको. बिलिमोरा ते वघई ही ६३ किलोमीटरांची छोट्या रुळांची गाडी सयाजीराव महाराजांच्या बडोदे संस्थानाने १९१३ साली सुरू केली, ती मुख्यतः डांगच्या सागवानासाठी. उनाईवरून रमतगमत ती वघईस पोहोचते.

२०२० साली तोट्याचे कारण पुढे करून ती कायमची बंद करण्याचे घाटत होते. लोकांनी विरोध केला, आणि सप्टेंबर २०२१ मध्ये ती पुन्हा धावली. सोबत सहलीकरूंसाठी वातानुकूलित डबाही आला.

वाचकहो, वेळापत्रकाची चौकशी करून अवश्य जावे. दशम्या-चटणीची शिदोरी न्यावी, पेटी न्यावी, भेंड्या रंगवाव्यात. मात्र साध्या डब्यातील जागा प्रथम डांगच्या आदिवासी बांधवांची, हे विसरू नये. आपल्यास ती मौज आहे. त्यांस ती बाजाराची वाट आहे. गाडी थांबली तर आपण दुसरी मौज शोधू. त्यांनी इतकी स्वस्त वाट कोठे शोधावी?