बर्टन यांचा सौदा

फिलिप बर्टन यांच्यावरचा सर्वांत गाजलेला आरोप खरा आहे, हे आधीच मान्य करतो. त्यांनी उद्यानं वाटली. सान फ्रान्सिस्कोचे हे डेमोक्रॅट प्रतिनिधी १९७७ मध्ये अमेरिकी प्रतिनिधिगृहाच्या राष्ट्रीय उद्यानांच्या उपसमितीचे अध्यक्ष झाले. पुढच्याच वर्षी त्यांनी शंभराहून अधिक उद्यानं, नद्या, पायवाटा आणि ऐतिहासिक स्थळं एकाच विधेयकात बांधली. ज्या सदस्याचं मत हवं, त्याच्या मतदारसंघाच्या पदरात काहीतरी पडेल अशी ती रचना होती. विधेयक प्रतिनिधिगृहात ३४१ विरुद्ध ६१ मतांनी पार पडलं आणि १० नोव्हेंबर १९७८ रोजी अध्यक्ष कार्टर यांनी त्यावर सही केली. टीकाकार तेव्हापासून म्हणत आले आहेत की ही राष्ट्रीय वारशाची जपणूक नव्हती, मतांसाठी वाटलेली खिरापत होती.

वाटप झालं, हे कबूल. पण वाटलेली वस्तू कोणाच्या हाती गेली? एखाद्या आमदार-खासदाराने मतदारसंघात ठेके आणले, तर पैसा ठेकेदाराकडे जातो आणि काही वर्षांत संपतो. बर्टन यांनी वाटलेलं कोणाच्याही खिशात गेलं नाही. ऑरेगन ट्रेल या स्थलांतरितांच्या जुन्या मार्गाला राष्ट्रीय ऐतिहासिक वाटेचा दर्जा मिळाला. लॉस एंजेलिसला लागून असलेल्या सांता मोनिका डोंगररांगेत राष्ट्रीय मनोरंजन क्षेत्र उभं राहिलं. मिनरल किंग खोऱ्यात डिस्ने कंपनी १९६५ पासून बर्फावरच्या खेळांचं मोठं केंद्र उभारू पाहत होती. ते खोरं सेक्वोया राष्ट्रीय उद्यानात गेलं आणि तो प्रश्न कायमचा मिटला. असल्या सौद्याला भ्रष्टाचार म्हणणाऱ्यांनी एकदा सांगावं, की यात जनतेचं नेमकं काय गेलं?

बर्टन स्वतः कधी रानात रमले नाहीत, असाही एक टोमणा मारला जातो. अखंड सिगारेट ओढणारा, पक्का शहरी, राजकारणातच बुडालेला माणूस. असेल. डोंगर चढणारा नेता पाहून मलाही बरं वाटतं, पण त्याच्या चढण्याने डोंगर वाचत नाही. गोल्डन गेट पूल ओलांडून मरिनच्या टेकड्यांवर फोटो काढणाऱ्यांत आज मराठी मंडळीही असतात. १९६० च्या दशकात तिथेच मरिनसेलो नावाचं सुमारे तीस हजार वस्तीचं नवं शहर मंजूर झालं होतं. स्थानिक नागरिकांनी कोर्टात लढून ते अडवलं, आणि त्याचं श्रेय त्यांचंच. पण खटल्याने बांधकाम थांबतं, जमीन लोकांची होत नाही. ती झाली १९७२ च्या गोल्डन गेट राष्ट्रीय मनोरंजन क्षेत्राच्या कायद्याने, आणि तो रेटून नेला बर्टन यांनी.

त्याच कायद्यात त्यांनी एक कलम घातलं. पुलाच्या दक्षिण टोकाशी प्रेसिडिओ ही सुमारे दीड हजार एकरांची लष्करी छावणी होती. लष्कर ती सोडेल असं तेव्हा कोणाच्या मनातही नव्हतं. कलम एवढंच सांगत होतं, की लष्कराला ही जागा नकोशी झाली तर ती राष्ट्रीय उद्यान सेवेकडे जाईल. बर्टन १९८३ मध्ये वारले. शीतयुद्ध सरताना छावणी बंद करायचं ठरलं आणि १९९४ मध्ये अमेरिकेतल्या सर्वांत महागड्या जमिनींपैकी एक तुकडा बिल्डरांकडे न जाता उद्यानात गेला. लोकप्रतिनिधीकडून मला हे हवं आहे. झाडावर प्रेम करणारे लाखो असतात. अशी कलमं लिहिण्याचा अधिकार मोजक्यांनाच असतो.

सर्वांत जड आक्षेप रेडवूडची झाडं तोडणाऱ्या कामगारांचा आहे, आणि तो झटकून टाकता येत नाही. १९६८ मध्ये झालेलं रेडवूड राष्ट्रीय उद्यान अपुरं होतं. रेडवूड क्रीकच्या वरच्या अंगाचे उतार कंपन्यांकडेच राहिले होते. तिथली तोड झाली की माती पावसाबरोबर खाली येई आणि साडेतीनशे फुटांहून उंच झाडांच्या मुळाशी गाळ साचे. म्हणून १९७८ च्या मार्चमध्ये आणखी ४८,००० एकर उद्यानात आले. त्याआधी, १९७७ मध्ये, लाकूडतोडे ट्रकांचा ताफा घेऊन थेट वॉशिंग्टनला धडकले होते. भुईमुगाची शेती असलेल्या कार्टर यांना भेट म्हणून त्यांनी रेडवूडमधून कोरलेली प्रचंड शेंग नेली होती. त्यांचा राग खोटा नव्हता. उद्यानालगतची ऑरिकसारखी गावं पुढे खंगली.

पण मूळच्या सुमारे वीस लाख एकर जुन्या रेडवूड जंगलातलं आज जेमतेम पाच टक्के उरलं आहे. उरलेलं तोडून ते काम किती दिवस पुरलं असतं? बर्टन कामगार चळवळीच्या बाजूचे होते, म्हणून काम जाणाऱ्यांना नुकसानभरपाई आणि नव्या कामाचं प्रशिक्षण देण्याची तरतूद त्यांनी उद्यान वाढवणाऱ्या त्या कायद्यातच करवली. ती पुरेशी ठरली नाही, हा दोष मी मान्य करतो. मात्र त्या दोषावर उपाय अधिक चांगली भरपाई हा आहे. अख्खा डोंगर सोलून देणं हा नव्हे.

जून २०२५ मध्ये युटाचे सिनेटर माइक ली यांनी पश्चिमेकडच्या राज्यांतली वीस लाख एकरांहून अधिक सार्वजनिक जमीन विकायला काढणारा प्रस्ताव आणला. त्यांच्याच पक्षातून, मोन्टानाचे रायन झिंकी यांच्यासारख्यांकडून, विरोध झाला आणि महिनाअखेरीस ली यांनी तो मागे घेतला. त्या मसुद्यात विक्रीतून वगळलेल्या जमिनींची यादी होती. राष्ट्रीय उद्यानं, मनोरंजन क्षेत्रं, संरक्षित नद्या, राष्ट्रीय पायवाटा. म्हणजे ज्यांच्यासाठी पूर्वी कोणीतरी स्वतंत्र कायदा करून ठेवला होता, त्या जमिनींना विकायला निघालेल्यांनीही हात लावला नव्हता.