गोदामात तांदूळ आहे, इष्टांक नाही



आमच्या अभ्यासवर्गात जागतिक व्यापार आणि हवामान धोरणावर बोलायचे ठरले, तेव्हा एका तरुण कार्यकर्त्याने सरळ विचारले, "हे इंग्रजी पेपरवाल्यांचे विषय. आपले अत्याचाराचे, शिष्यवृत्तीचे, घरकुलाचे प्रश्न संपले का?" प्रश्न रास्त होता. म्हणून आम्ही सुरुवात रेशनकार्डापासून केली.

वस्तीत आम्ही रेशनचे अर्ज भरून देतो. सून घरात आली, लेकरू झाले, भाऊ वेगळा राहू लागला, तरी धान्याच्या यादीत नाव चढत नाही. ठरलेले उत्तर मिळते : "इष्टांक शिल्लक नाही." अन्न सुरक्षा कायदा २०१३ चा, पण किती लोकांना धान्य द्यायचे हा आकडा २०११ च्या जनगणनेवर बांधलेला. त्यानंतर वाढलेली भूक सरकारच्या हिशेबातच नाही.

मग धान्य कमी आहे का? मुळीच नाही. २०२४-२५ या वर्षासाठी केंद्र सरकारने अन्न महामंडळाच्या साठ्यातला ५२ लाख टन तांदूळ इथेनॉलसाठी मंजूर केला. भाव ठरला किलोला साडेबावीस रुपये. हा तांदूळ खरेदी करून साठवायला सरकारला येणारा खर्च यापेक्षा कितीतरी जास्त आहे. कायद्याप्रमाणे माणशी महिन्याला ५ किलो, म्हणजे वर्षाला ६० किलो. भागाकार तुम्हीच करा. साडेआठ कोटींहून अधिक माणसांचे वर्षभराचे रेशन होते. डिस्टिलरीला इष्टांक लागत नाही, तो फक्त माणसांना लागतो.

आणि हे सगळे पर्यावरणाच्या नावाने चालते. पेट्रोलमध्ये २० टक्के इथेनॉल, म्हणजे हरित इंधन. पण ज्याच्या घरी मोटार नाही, त्याने कोणता धूर सोडला?

हा खेळ जगाने आधी पाहिला आहे. अमेरिकेने २००७ मध्ये कायदा करून २०२२ पर्यंत वर्षाला ३६ अब्ज गॅलन जैवइंधनाचे लक्ष्य ठेवले. मका माणसाच्या आणि जनावराच्या तोंडातून निघून टाकीत जाऊ लागला. त्याच काळात तेल महागले, काही देशांत दुष्काळ पडला, भारतासह अनेकांनी तांदळाची निर्यात रोखली. २००८ च्या सुरुवातीच्या काही महिन्यांत जागतिक बाजारात तांदूळ दुपटीहून महाग झाला. सगळ्यात आधी होरपळले ते विकत घेऊन खाणारे.

हैतीचे उदाहरण आपल्या माणसांनी विसरू नये. गुलामांनी उठाव करून १८०४ मध्ये उभा केलेला हा देश. १९९५ मध्ये बाहेरच्या दबावाखाली त्याने तांदळावरचे आयात शुल्क ५० टक्क्यांवरून ३ टक्क्यांवर आणले. अनुदानावर पोसलेला अमेरिकी तांदूळ आला आणि तिथला भातशेतकरी उठला. २००८ मध्ये भाव भडकले तेव्हा लोक रस्त्यावर उतरले, पंतप्रधानांना पद सोडावे लागले. या धोरणाचा फायदा आपल्या अर्कान्सासच्या शेतकऱ्यांना झाला आणि हैतीने स्वतःचे पोट भरण्याची ताकद गमावली, अशी कबुली बिल क्लिंटन यांनी २०१० मध्ये दिली. राज्य गेल्यावर आलेली कबुली!

पण फक्त अमेरिकेकडे बोट दाखवून चालणार नाही. जगाच्या तांदूळ व्यापारात आज सुमारे ४० टक्के वाटा भारताचा आहे. सेनेगलमध्ये रोजच्या जेवणाला कणीचा भात लागतो. सप्टेंबर २०२२ मध्ये आपण कणीची निर्यात बंद केली. सरकारने दिलेल्या कारणांत कोंबडीखाद्याबरोबर इथेनॉलही होते. जुलै २०२३ मध्ये बिगर-बासमती पांढऱ्या तांदळावरही बंदी आली. तेव्हा सांगितले गेले, देशातल्या गरिबासाठी. त्याच देशातल्या गरिबाला आपण "इष्टांक नाही" सांगतो आणि वर्षभराने तांदूळ डिस्टिलरीला देतो. मग डाकारमधल्या गरिबाचा घास आपण कोणासाठी काढला?

काही मित्र म्हणतील, गोदामे भरून वाहत होती, मक्याला भाव मिळाला, तेलाचे परकीय चलन वाचले. यात तथ्य आहे, आम्ही नाकारत नाही. पण गोदाम भरून वाहत असेल तर पहिला हक्क यादीबाहेरच्या माणसाचा. आणि मक्याचा भाव जमीन असणाऱ्याला मिळतो. २०११ च्या जनगणनेनुसार शेतीवर राबणाऱ्या अनुसूचित जातींच्या दर दहा माणसांत सुमारे सात जण शेतमजूर आहेत. त्यांना भाव मिळत नाही, भाव द्यावा लागतो.

मुक्त व्यापार हेही उत्तर नाही. जागतिक व्यापार संघटना आपल्या सरकारी धान्यखरेदीतले अनुदान मोजताना १९८६-८८ च्या किमती धरते. अनुदान मोजायला १९८६, भूक मोजायला २०११. आकडे जुने ठेवले की जबाबदारी आपोआप कमी होते.

बाबासाहेबांनी १९४७ च्या 'स्टेट्स अँड मायनॉरिटीज'मध्ये शेती हा राज्याचा उद्योग करावा आणि जमीन जातधर्म न पाहता गावकऱ्यांना सामूहिकपणे कसायला द्यावी, म्हणजे जमीनदारही राहणार नाही आणि भूमिहीन मजूरही नाही, अशी मांडणी केली. धान्याचा प्रश्न हा मालकीचा आणि निर्णयाचा प्रश्न आहे, हे त्यांनी तेव्हाच ओळखले होते.

म्हणून आमची भूमिका स्पष्ट आहे. आजच्या लोकसंख्येवर इष्टांक वाढवा. तो वाढेपर्यंत खाण्यायोग्य सरकारी तांदळाचा एक दाणाही डिस्टिलरीला नको. निर्यात रोखायची वेळ आलीच, तर धान्य आयात करणाऱ्या गरीब देशांना मेहेरबानीचा कोटा नको, आधीच ठरलेली सूट हवी.

त्या तरुण साथीला आम्ही एवढेच सांगितले : पुढच्या वेळी "इष्टांक नाही" ऐकलेस, की तिथेच लेखी विचार, ५२ लाख टन कुठे गेले?